चिखलदऱ्यावर एक धर्मशाळा हवी

प्रति,
चिखलदऱ्याच्या पर्यटनाचे नियोजन आणि कारभार पाहणाऱ्या सर्व यंत्रणा व लोकप्रतिनिधी यांस

सप्रेम नमस्कार.

मी दर्यापूर तालुक्यातील एका खेड्यात राहते. घरची नऊ एकर कोरडवाहू जमीन आहे आणि तिच्यात कपाशी, तूर, मूग व हरभरा ही पिके आम्ही घेतो. यंदाच्या मे महिन्यात माझे यजमान, अकरा वर्षांचा मुलगा, आठ वर्षांची मुलगी, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई आणि मी असे पाच जण दोन रात्रींसाठी चिखलदऱ्याला जाऊन आलो. लग्नाला चौदा वर्षे झाली. देवदर्शन आणि नातलगांची लग्नकार्ये सोडली, तर सगळ्यांनी मिळून केलेला आमचा हा पहिलाच प्रवास. त्या दोन दिवसांत जे पाहिले आणि भोगले, त्यावरून एक मागणी आपल्यापुढे ठेवावी असे मनाने घेतले, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आमचा भाग खारपाणपट्ट्यात मोडतो. अमरावती, अकोला आणि बुलडाणा या जिल्ह्यांतून पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांनी पसरलेल्या या पट्ट्यात जमिनीखालचे पाणी खारे आहे, हे आपणांस ठाऊक असेलच. उन्हाळ्यात त्याचा अर्थ काय होतो, ते मात्र घरात राहिल्याशिवाय कळत नाही. पाऱ्याने ४४-४५ अंश गाठले की टिनाच्या छपराखाली कूलरशिवाय दुपार काढता येत नाही, आणि कूलरमध्ये बोअरचे पाणी टाकले की महिनाभरात त्याच्या गवताच्या ताट्यांवर क्षारांचे पांढरे पापुद्रे धरतात. गवत दगडासारखे कडक होते, त्यातून हवा आत येईनाशी होते, आणि पंखा नुसता घरघरत राहतो. आम्ही दर आठवड्याला ताट्या काढून अंगणात झोडपतो. खाली मीठ सांडल्यासारखा पांढरा थर पडतो. वीज गेली की तेही संपले. सासूबाई रात्र रात्र ओल्या दुपट्ट्याने पाय पुसत बसतात. मागच्या दोन उन्हाळ्यांत त्यांना उन्हाच्या तडाख्याने दवाखान्यात सलाईन लावावे लागले. यंदा तसे होण्याआधीच त्यांना दोन रात्री थंड हवेत झोपवावे, एवढाच आमच्या जाण्याचा हेतू होता.

चिखलदरा समुद्रसपाटीपासून १,११८ मीटर उंचीवर आहे आणि आमचे गाव तीनशे मीटरच्या आसपास. दर हजार मीटर चढल्यावर हवा साधारण साडेसहा अंशांनी उतरते, या हिशेबाने दोन्हींत पाच अंशांचा फरक पडतो. मे महिन्यात चिखलदऱ्याची दुपारही तापतेच. तेथे कोणी महाबळेश्वर शोधू नये. फरक पडतो तो दिवस मावळल्यावर. आमच्याकडे रात्री अकरालाही भिंतीला हात लावला तर चटका बसतो; तेथे सात वाजताच दरीतून वारा सुटला आणि मुलीने न सांगता ओढणी अंगाभोवती गुंडाळून घेतली. सबंध विदर्भात थंड हवेचे ठिकाण म्हणून हे एकच आहे. महाबळेश्वर आम्हांला सहाशे किलोमीटरांहून लांब आणि पचमढी दुसऱ्या राज्यात. त्यामुळे शेतकरी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला दोन रात्री थंडाव्याला न्यायचे म्हटले, तर वऱ्हाडातल्या माणसाने चिखलदऱ्याशिवाय जायचे तरी कोठे?

आपले सारे नियोजन पावसाळ्याभोवती फिरते, असे मला दिसले. ढग खाली उतरतात, भीमकुंडाकडे पाणी कोसळू लागते, आणि शनिवार-रविवारी घाटात मोटारींची रांग लागते. त्या गर्दीची तयारी करणे आवश्यक आहेच. परंतु जुलै-ऑगस्टमध्ये शेतकरी घरातून कोण निघू शकतो? तेव्हा डवरणी असते, निंदण असते, कपाशीला खत द्यायचे असते, आणि एक दिवस उघडीप मिळाली की सगळे घर शेतात असते. दसऱ्या-दिवाळीनंतर कापूस वेचणी, मग तूर, मग हरभरा. आम्हांला मोकळीक मिळते ती नांगरटी आटोपल्यावर आणि मृग लागण्याआधी, म्हणजे फार तर मे महिन्याचे तीन आठवडे, तेही लग्नसराईतून उरलेले. मुलांना सुट्टीही तेव्हाच असते. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात. नोकरदार माणसाचा चिखलदरा पावसाळ्यातला असतो आणि शेतकऱ्याचा उन्हाळ्यातला, हे एकदा लक्षात घेतले की पुढची मागणी समजायला सोपी जाईल.

जाण्याचा प्रश्न एसटीने बराचसा सोडवला आहे. २०२२ च्या ऑगस्टपासून पंचाहत्तरीवरच्या माणसांना एसटीचा प्रवास मोफत झाला आणि २०२३ च्या मार्चपासून बायकांना अर्धे तिकीट. सासूबाईंचे काही लागले नाही, माझे अर्धे, मुलांची अर्धी अर्धी, एकट्या यजमानांचे पूर्ण. म्हणजे पाच माणसांचा प्रवास अडीच तिकिटांत झाला. दर्यापूरहून अंजनगाव, तेथून परतवाडा, परतवाड्याला गाडी बदलून धामणगाव गढीवरून घाट. घाटाच्या पायथ्याला सागाची झाडे पाने झडून उघडीबोडकी उभी होती. वळणे चढत गेलो तशी हिरवी झाडे दिसू लागली आणि खिडकीतून येणारी झळ कधी थांबली, ते आम्हां कोणालाच कळले नाही. सासूबाईंनी डोळे मिटले आणि पुढचा सगळा घाट त्या खिडकीच्या गजाला डोके टेकवून झोपल्या.

अडचण सुरू झाली ती उतरल्यावर. यजमानांनी आठ दिवस आधी फोन करून एका ठिकाणी खोली ठरवली होती आणि बाराशे रुपये रोज असे बोलणे झाले होते. दारात गेल्यावर, गर्दी आहे, बावीसशे पडतील आणि पाच माणसांना दोन खोल्या घ्याव्या लागतील, असे सांगण्यात आले. नावे ठेवण्यासाठी हे मी सांगत नाही, म्हणून त्या जागेचे नावही लिहीत नाही. त्यांचाही धंदा वर्षातले मोजके आठवडे चालतो. दुसरीकडे दोन-तीन ठिकाणी विचारले, तेथेही आमच्या ऐपतीचे काही मिळाले नाही. सरकारी निवासाची खोली आधी नोंदवावी लागते, आणि ती इंटरनेटवरून कशी नोंदवायची हे आमच्या घरात कोणाला येत नव्हते. दुपारचे तीन वाजले होते. सासूबाई एका झाडाखाली पिशवीवर बसल्या होत्या आणि परत जाऊ या म्हणत होत्या. दोन रात्रींच्या दोन खोल्या म्हणजे आठ हजार आठशे रुपये. मृगाच्या तोंडावर तेवढ्यात आमच्या कपाशीच्या बियाण्याची सोय होते.

त्या झाडाजवळ चहाची टपरी चालवणाऱ्या एका बाईंनी आमचे बोलणे ऐकले आणि आपल्या घराची ओसरी दिली. शेणाने सारवलेली, मातीची, समोर दरीकडे उघडी अशी ओसरी. स्वतःच्या मुलीशी त्या कोरकू भाषेत बोलत होत्या आणि आमच्याशी मराठीत. बोलता बोलता कळले की लग्नाआधी त्या आईवडिलांबरोबर हरभरा सोंगायला आमच्याच तालुक्यात येत असत. तुम्ही तेथे राहत कोठे होता, असे मी विचारले. शाळेच्या ओसरीत, त्या म्हणाल्या. शाळा सुटल्यावर सामान आत आणायचे आणि सकाळी पोरे यायच्या आधी बाहेर काढायचे. दरवर्षी आमच्या शेतावर उतरणारी ही माणसे रात्री पाठ कोठे टेकतात, हा प्रश्न मला चौदा वर्षांत पडला नव्हता, याची मला त्या क्षणी फार लाज वाटली.

त्या रात्री आम्ही पाचही जण ओसरीत ओळीने झोपलो. दोनच्या सुमारास सासूबाईंनी मला हलवले. मला धस्स झाले, कारण घरी त्या अशा उठवतात तेव्हा त्यांचा जीव घाबरा झालेला असतो. त्या हळू आवाजात म्हणाल्या, ‘‘सूनबाई, अंगावर घ्यायला वाकळ आहे का?’’ मे महिन्यात त्यांनी वाकळ मागितल्याचे माझ्या आठवणीत नाही. माझ्याजवळ पांघरूण नव्हते. घरी कोणाच्या मनातही आले नव्हते की लागेल. त्या बाईंनी आतून आपली वाकळ काढून दिली आणि सासूबाई सकाळी साडेसातपर्यंत झोपल्या.

दुसऱ्या दिवसाविषयी थोडक्यात लिहिते. एकेक पॉइंट गावापासून आणि एकमेकांपासून लांब आहे, उन्हात म्हातारे माणूस चालू शकत नाही, आणि सगळीकडे फिरवणाऱ्या जीपचे भाडे आम्हांला परवडणारे नव्हते. म्हणून देवी पॉइंट आणि पंचबोल एवढेच केले. गाविलगडाला १८०३ साली इंग्रजांनी वेढा घातला होता, हे मुलाला ठाऊक होते आणि त्याला किल्ला पाहायचा होता, तो राहिला. देवीच्या ठाण्यात खडकाच्या सावलीत सासूबाई तासभर बसल्या. पंचबोलला मुलांनी आमच्या बैलांची नावे घेऊन हाका मारल्या आणि डोंगराने परत दिलेल्या हाका बोटांवर मोजल्या. एका ठिकाणी स्वच्छतागृहाला कुलूप होते आणि किल्ली कोणाजवळ आहे हे सांगणारा कोणी नव्हता. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला त्या वेळी किती अवघडल्यासारखे झाले असेल, हे लिहिणेही मला जड जाते. पिण्याचे पाणी बाटलीतलेच मिळाले. पाच माणसांच्या दिवसभराच्या बाटल्यांचे पैसे घरून आणलेल्या शिदोरीपेक्षा जास्त झाले.

आमच्यासारख्या माणसांचा प्रवास शिदोरीवर आणि चुलीवर चालतो. बहिरमच्या यात्रेला वऱ्हाडातली माणसे जातात ती हंडी आणि रोडग्यांचे सामान घेऊनच. चिखलदऱ्यालाही अनेक कुटुंबे पीठ, डाळ आणि गोवऱ्या बांधून आलेली मी पाहिली. त्यांतल्या एका कुटुंबाने झाडीच्या कडेला तीन दगड मांडून जाळ केला होता. वाळलेल्या पानांचा थर त्या जाळापासून चार हातांवर होता आणि वारा सुटलेला होता. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वनविभागाने वणव्यांसाठी धोक्याचा धरलेला काळ आहे आणि सभोवती मेळघाटचे व्याघ्र प्रकल्पाचे जंगल आहे. तेथे चूल पेटवू देऊ नये, हेच योग्य. पण नुसती मनाई करून भागणार नाही, कारण चार मुलांना घेऊन आलेली बाई कोठेतरी आडोसा पाहून जाळ करणारच. तिला चूल पेटवायला सुरक्षित जागा दिली, तर जंगलही सुरक्षित राहील.

म्हणून माझी मागणी अशी आहे, की चिखलदऱ्यावर एक धर्मशाळा उभारावी. हा शब्द मी जाणूनबुजून वापरते. आमच्या शेजारच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगावी २३ फेब्रुवारी १८७६ रोजी गाडगेबाबांचा जन्म झाला. स्वतःसाठी त्यांनी काही ठेवले नाही, पण पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे यात्रेकरूंसाठी आणि मुंबईत रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा उभ्या केल्या. गरीब माणूस घर सोडून निघतो तेव्हा त्याला निवारा, पाणी, संडास आणि चूल या चार गोष्टी लागतात, हे त्यांनी ओळखले होते. शेगावला आजही आम्ही जातो तेव्हा भक्तनिवासात स्वच्छ जागा मिळते, दर ठरलेला असतो, आणि गाडीतून आलेल्या व एसटीतून आलेल्या माणसाला तेथे एकच नियम लागतो. देवाच्या गावी जे जमते, ते थंड हवेच्या गावीही जमायला हवे. १८२३ साली हैदराबादच्या फौजेतील कॅप्टन रॉबिन्सन याने ही जागा हेरली आणि त्यानंतर वऱ्हाडातले इंग्रज अंमलदार उन्हाळा काढायला येथे येऊ लागले. त्यांच्यासाठी बंगले बांधले गेले. दोनशे वर्षे झाली. आता वऱ्हाडात कापूस पिकवणाऱ्यासाठी येथे एक ओसरी बांधावी, ही मागणी फार मोठी नसावी.

ही धर्मशाळा कशी असावी, याचाही मी विचार केला आहे. खोल्या थोड्या आणि मोठ्या ओसऱ्या अधिक असाव्यात. लोखंडी खाटा, सामानाला कुलूपबंद कप्पे, बायकांसाठी वेगळे नहाणीघर आणि म्हाताऱ्यांना बसता येईल असे संडास असावेत. राहण्याचा दर दारावरच्या फळ्यावर ठळक लिहिलेला असावा आणि तो मे महिन्यातही तोच राहावा. एसटीचे तिकीट दाखवणाऱ्या कुटुंबाला आधी जागा मिळावी. मोफत प्रवास करणाऱ्या म्हाताऱ्या माणसालाही वाहक तिकीट देतो, त्यामुळे ते सिद्ध करणे अवघड नाही. दोन रात्रींहून अधिक कोणाला राहू देऊ नये, म्हणजे आमच्यासारख्या आणखी कुटुंबांची पाळी येईल. मागच्या बाजूला पत्र्याची, तीन बाजूंनी भिंत असलेली, झाडीपासून लांब अशी चुलीची शेड असावी आणि राखेवर पाणी ओतण्यासाठी हौद असावा. ज्यांना स्वयंपाक करायचा नसेल त्यांना झुणका-भाकर तेथल्याच बायकांच्या बचत गटाने करून द्यावी, म्हणजे होळीनंतर कामासाठी घर सोडून जाणाऱ्या काही जणींना तरी गावातच काम मिळेल. नवी इमारत बांधण्यासाठी एकही झाड तोडू नये. गावात वापराविना पडलेली एखादी सरकारी इमारत असल्यास तीच दुरुस्त करून घ्यावी.

पाण्याचा प्रश्न मला सर्वांत अवघड वाटतो. चिखलदरा गावाची वस्ती पाच हजारांच्या आसपास आणि उन्हाळ्यात तालुक्यातल्या काही गावांना टँकरने पाणी पुरवावे लागते. त्या बाईंच्या घरी दोन घागरी पाण्यात सकाळचे सगळे आटोपताना मी पाहिले. दुसऱ्याच्या घागरीतले पाणी ओढून आम्हांला थंड हवा नको आहे. अंजनगाव आणि दर्यापूर तालुक्यांत प्यायला येणारे शहानूर धरणाचे पाणी याच डोंगरातून उतरते. खारपाणपट्ट्यात गोडे पाणी मिळते ते या डोंगराच्या कृपेने, आणि तोच डोंगर उन्हाळ्यात स्वतः तहानलेला राहतो, हे आम्हांला विसरता येणार नाही. धर्मशाळेच्या छपरावर पडणारा पाऊस साठवण्याइतकी मोठी टाकी आधी बांधावी आणि मगच माणसे ठेवावीत. चिखलदऱ्याला आमच्यापेक्षा कितीतरी अधिक पाऊस पडतो, तेव्हा ते अशक्य नाही. माणशी एक बादली असा नियम केला तरी आमची तक्रार असणार नाही. खारपाणपट्ट्यातली माणसे पाणी मोजून वापरायलाच शिकलेली आहेत.

याच्या जोडीला एक लहान बस सकाळी आणि संध्याकाळी स्थानकावरून निघून पॉइंट फिरवून आणणारी असावी, आणि प्रत्येक पॉइंटवर सावली, पाण्याचा माठ व कुलूप नसलेले स्वच्छतागृह असावे. धर्मशाळेला वेळ लागणार असेल, तर एवढे तरी पुढच्या मे महिन्यापर्यंत व्हावे, अशी विनंती आहे.

आमच्याकडूनही काही व्हायला हवे, याची मला जाणीव आहे. सोंगणीला येणाऱ्या मेळघाटातल्या मजुरांसाठी आमच्या गावात निवारा आणि नळ असावा, हा विषय मी येत्या ग्रामसभेत लेखी मांडणार आहे. चिखलदऱ्याची धर्मशाळा उभी राहणार असेल, तर तिच्यासाठी आमच्या बचत गटातल्या बाया जुन्या लुगड्यांच्या वाकळी शिवून देतील. पंचवीस वाकळींचे मी त्यांच्याशी बोलून ठेवले आहे आणि पहिली शिवायला सासूबाईंनी घेतली आहे.

आपली,
दर्यापूर तालुक्यातील एक शेतकरी स्त्री